चाक घासतंय, चालतंय का?

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. तरी जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली एखादी गाडी वळताना 'खर्र' असा आवाज आला, की मी हातातलं पुस्तक उलटं ठेवतो आणि गॅलरीत जातो. हल्लीची पोरं गाड्या उंच करून घेतात, त्यांना थोराड टायर घालतात, आणि वळणावर ते टायर मडगार्डला घासतात. परवा खालच्या मजल्यावरच्या एका मुलानं मला जिन्यात गाठलं. "काका, तुमचं टायरचं दुकान होतं ना? माझ्या पिकअपचं चाक जरा घासतंय. चालतंय का?"

मी म्हटलं, "संध्याकाळी सांगतो." संध्याकाळी सांगितलं नाही. या प्रश्नाचं उत्तर आमच्या दुकानात दोघांनी मिळून द्यायची पद्धत होती, आणि त्यातला दुसरा या उन्हाळ्यात गेला. एकट्यानं उत्तर द्यायची मला सवय नाही. म्हणून लिहून देतो आहे. दोन-चार ओळी लिहितो, थांबतो, परत लिहितो. त्या मुलाला तेवढा धीर आहे असं दिसतं. त्याचं चाक अजून घासतंय.

दुसरा म्हणजे मेहबूब. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहर संपून माळ सुरू व्हायचा तिथं आमचं पत्र्याचं दुकान होतं. अर्धं माझं, अर्धं त्याचं. माझ्या अर्ध्यात टायर, ट्यूब, पंक्चर आणि एक पुस्तकांचं खोकं. त्याच्या अर्ध्यात भट्टी, ऐरण आणि पाटे. पाटे म्हणजे गाडीच्या चाकावर, पोटाखाली असलेल्या पोलादी पट्ट्या. एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. सगळं ओझं त्यांच्यावर तोललेलं असतं, आणि खड्ड्यातला धक्का त्याच खातात. त्यांना जास्त बाक दिला किंवा एखादी पट्टी वाढवली, की गाडी उंच होते.

आता यातली गंमत पाहा. लोक गाडी उंच करायला मेहबूबकडे येत. उंच झालेल्या गाडीला छोटे टायर शोभत नाहीत म्हणून मोठे टायर घालायला माझ्याकडे वळत. आणि टायर घासायला लागले, की मधोमध उभे राहून आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत.

मला सगळे मास्तर म्हणत. बी.ए. झाल्यावर एका शाळेत काही महिने बदली शिक्षक होतो, ते पद तेवढ्यावरच राहिलं. मामांनी टायरच्या दुकानात बसवलं. चष्मा आणि पुस्तक सुटलं नाही, म्हणून मास्तरही सुटलं नाही. मेहबूबचं शिक्षण भट्टीपुढं झालेलं. तो मराठी, दखनी आणि शिव्या अशा तिन्ही भाषा एका वाक्यात बोलायचा. शिव्या फक्त लोखंडाला.

घासण्याच्या बाबतीत आमची मतं पहिल्या दिवसापासून वेगळी होती. माझं म्हणणं, घासतंय ते वाईट. टायर गोल आहे, त्यानं हवेत फिरावं आणि जमिनीला टेकावं, तिसऱ्या कशाला शिवू नये. मेहबूब म्हणायचा, "घिसने दो की मास्तर. घिसते घिसते चाक अपनी जगा बना लेता. आदमी नया नया घर में आया तो घिसता नै क्या?"

त्याच्या बाजूनं पुरावेही भरपूर होते. एक टॅक्सीवाला होता. त्याचं मागचं चाक मडगार्डच्या आतल्या पत्र्याला इतकी वर्षं घासत होतं, की तो पत्रा चकचकीत झाला होता. गिऱ्हाईक येईपर्यंत तो वाकून त्यात भांग पाडायचा. मी टायर बदलायचं सुचवलं, तर म्हणाला, "मग आरसा कुठनं आणू?"

दुसरे एक चादरींचे व्यापारी. त्यांच्या गाडीचं डावं चाक फक्त रविवारी घासायचं. सोमवारी आमच्याकडे यायचे तेव्हा गाडी गरीब गाय. आम्ही खाली शिरून बघायचो, काही नाही. शेवटी मेहबूबनं विचारलं, "शेठ, इतवार को पीछे कौन बैठता?" शेठनी आधी मागं वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "आमचे सासरे." सासरे देहानं मातबर होते आणि नेहमी डावीकडची खिडकी मागायचे. मेहबूबनं डाव्या बाजूला एक जादा पट्टी घातली आणि पुढं वर्षानुवर्षं तिला सासरेपाटा म्हणत राहिला. शेठजी सासऱ्यांना म्हणाले, गाडीला नवीन तंत्राचा पाटा घातलाय. त्यांचं नातं सुधारलं म्हणतात.

मी आपला पुस्तकी माणूस. मला पद्धत हवी. म्हणून मी चुन्याची परीक्षा काढली होती. टायरला ओला चुना फासायचा, गाडीत ज्वारीची पोती भरायची, माळावर नेऊन चाक दोन्ही अंगांना पूर्ण वळवून गोल गोल फिरवायची. जिथं घासतं तिथं पांढरी खूण उमटते. तेवढी कड कापायची किंवा हातोड्यानं आत बसवायची. मेहबूब भट्टीपाशी बसून बघायचा आणि म्हणायचा, "पावडर लगाके किधर, शादी को जारी क्या गाडी?" पण कड बसवायला तोच उठायचा.

या सगळ्या गाड्यांमधली एक मात्र मला अजून स्वप्नात घासते. ती बिरूची.

बिरू मंगळवेढ्याच्या पलीकडचा, कोरडवाहू पट्ट्यातला. घरी मेंढरं. बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन पावसाळे झाले होते. भावाभावांनी मिळून एक लिलावातली लष्करी जीप घेतली होती, मागचा भाग कापून तिथं मेंढरं उभी राहतील असा लाकडी पिंजरा बांधला होता. त्या वाडीत पोचणारं ते एकमेव वाहन. पण पोचता पोचता त्याचे हाल होत.

"मास्तर, गाडीचं प्वाट घासतंय," पहिल्यांदा आला तेव्हा बिरू म्हणाला. "बैलगाडीच्या चाकोऱ्या हायत्या आमच्या वाटंला. मधी ह्यो एवढाला दगडाचा वरंबा. वाईच उंच करा की."

"वाट कशी आहे सगळी?" मी विचारलं.

बिरूनं खाली बसून मातीत बोटानं काढून दाखवली. सडक सोडली की ओढा. ओढ्यात उतरायचं आणि पलीकडं वाडीकडं चढायचं. वाडीहून निघतानाही तसंच, आधी उतार मग चढ. दोन्ही उतारांना खाली एकेक वळण. "आन् ह्या सडकंकडच्या वळणाला हीर हाय." त्यानं वळणाच्या टोकाला बोटानं एक खळगा केला.

"कठडा?"

"हिरीला कठडा घालून पानी वाढतंय व्हय, मास्तर?"

मेहबूब त्या मातीतल्या खळग्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पेट उठा देतूं मैं. फिर टायर घिसे तो मास्तर रोते बैठेंगे."

त्यानं पाट्यांना बाक दिला, पट्टी वाढवली. मी मोठे टायर घातले. घासलेच. मी चुना फासला, पोती भरली, माळावर फिरवली. पुढच्या मडगार्डच्या कडेवर पांढऱ्या खुणा आल्या, त्या कडा मेहबूबनं ठोकून आत घातल्या. परत चुना, परत माळ. या वेळी कुठं काही नाही. मी समाधानानं हात धुतले आणि बिरू गाडी घेऊन गेला.

काही दिवसांनी पंक्चर काढायला आला तेव्हा सहज म्हणाला, "घासतंय बरं का अजून."

मी चमकलो. "कुठं?"

"वड्यात उतरताना. मेंढरं आसली की, नेताना बी आन् आनताना बी. मोकळी आसली तर न्हाय." आणि हसला. "पर राहू द्या, मास्तर. लई सोय हाय त्येची. खर्र वाजलं की वाडीत कळतंय, बिरूची गाडी आली. माजी बायकू त्यो आवाज ऐकून तवा टाकती चुलीवर. घरात पाय ठिवस्तवर भाकरी तयार."

मी मेहबूबकडे पाहिलं. मेहबूबनं छताकडं पाहिलं. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, उलट त्या आवाजावर त्याची भाकरी भाजली जाते, यापुढं माझी पद्धत काय बोलणार? मी एकदोनदा म्हटलं, गाडी ठेवून जा, परत बघतो. बिरूला सवड नव्हती. मेंढरांना सोमवार-मंगळवार नसतो. ते तसंच राहिलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या धंद्यात हा मोठा सण. आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलनं धुवायची. नवमीला पत्र्याच्या टेबलावर मांडायची. आमच्या दुकानात जॅक हा मुख्य देव, तो मधोमध उभा. आजूबाजूला पाने, पकडी, टायर उचकटायच्या पहारी. मेहबूब आपला हातोडा घासूनपुसून स्वतः आणून ठेवायचा. "इसको भी रखो, नै तो साल भर रूठता," म्हणायचा. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यातलं एकही हत्यार उचलायचं नाही. साधं पंक्चर आलं तरी हात जोडायचे. गिऱ्हाईकही समजून असे. त्या दिवशी हवा गेली तर ती ज्याच्या त्याच्या नशिबाची.

दुपारी आम्ही नारळाचे तुकडे खात बसलो होतो, तेवढ्यात बिरूची गाडी आली. नवमीला शहरात बोकड-मेंढ्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून तो पहाटेच मेंढरं भरून निघाला होता. बरोबर त्याची आई, ठकूबाई. भाव तीच करायची. बाजार उरकला होता, पिंजरा रिकामा झाला होता आणि घरी जाण्याआधी आमच्या पूजेला नमस्कार करायला ती आली होती. वाडीची आणखी चार माणसं बाजारात होती. त्यांना घेऊन परतायचं होतं.

गाडी झेंडूनं सजवलेली. पण माझं लक्ष गेलं ते चाकांकडे. चारी चाकं पिवळीधमक.

"हळद लावलीया," ठकूबाई म्हणाली. "तेलात कालवून. आतनंबी हात घालून लावलीया. ह्यो गडी नुसता म्होरनं लावत हुता. म्या म्हनलं, पाय धुताना टाच न्हाय का धूत आपुन?"

मेहबूबची एक खोड होती. कुणाचीही गाडी आली की आधी गाडीच्या खाली बघायचं, मग माणसाच्या तोंडाकडे. तो नेहमीसारखा उजव्या चाकाशी उकिडवा बसला. आणि उठलाच नाही.

"मास्तर," तो खालूनच म्हणाला. "चष्मा लेके आव."

मी वाकलो. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकची रबरी नळी असते. तुमचा पाय ब्रेकवर पडला की जे तेल चाकापर्यंत जोर पोचवतं, ते या नळीतून जातं. त्या नळीवर एक पिवळी रेघ उमटली होती. बोटभर रुंद, स्वच्छ, जणू कुणी कुंचल्यानं ओढावी. हळद टायरची होती. म्हणजे टायर तिथपर्यंत पोचत होता.

मेहबूबनं अंगठ्यानं हळद पुसली. खाली रबराची कातडी गेलेली होती आणि आतल्या कापडाचे दोरे दिसत होते.

तिथं वाकून बसल्या बसल्या मला सगळं कळलं. मेहबूबनं गाडी उचलली तशी ती नळी ताणली जाऊन चाकाकडे सरकली होती. मी मोठा टायर घातला, तो नळीकडे सरकला होता. आणि माझा चुना खोटा नव्हता, माझी पोती खोटी होती. पोतं ठेवलं तिथं बसतं. मेंढरू बसत नाही. वळणावर एकानं अंग टाकलं की सगळी त्याच्या अंगावर अंग टाकतात. त्यातून उतारावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. माझ्या माळाला उतार नव्हता आणि माझ्या ज्वारीला संगत नव्हती. पहाटे ओढ्यात उतरताना मेंढरं एका अंगाला गेली, नाक खाली गेलं, चाक पूर्ण वळलं, आणि ठकूबाईच्या हळदीनं माझ्या चुन्याचं काम केलं.

"काय झालं?" बिरूनं विचारलं.

मी सांगितलं. हे दोरे तुटले की पाय दाबशील तेव्हा ब्रेक नुसता खाली जाईल, गाडी थांबणार नाही. आणि हे तुटणार तर वळणावरच तुटणार, कारण घासतं तिथंच.

बिरूला ते वळण मी सांगायची गरज नव्हती. तरी तो म्हणाला, "पर मास्तर, रोज जातोय की मी. आजच्या दिस जातो, उद्या आनतो. पिंजऱ्यात आता मेंढरं न्हाइत."

"आदमी तो हैं," मेहबूब म्हणाला. "आदमी क्या कम झुकते मोड पे?"

आणि उठून त्यानं बिरूच्या हातातली चावी काढून घेतली, खिशात टाकली. हा तोच मेहबूब. इतकी वर्षं 'घिसने दो' म्हणणारा. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

नळी मिळायला अडचण नव्हती. मागं आमच्या आवारात त्याच जातीची एक मोडकी जीप पडली होती, तिची नळी धडधाकट होती. काम दोन-तीन तासांचं. अडचण टेबलावर होती. हळदकुंकू लावून, फुलं वाहून बसलेली.

"उद्या करू," मी म्हटलं. "आज इथंच राहा दोघं. माझ्या घरी चला."

"आज ऱ्हाता येत न्हाय," ठकूबाई म्हणाली. "घरी घट बसलाय माजा. नऊ दिस उपास. सांजच्याला मलाच उठवाय पायजे. सुनंला जमत न्हाय, तिचं बाळ तान्हं हाय."

"मग एस.टी.नं जा. बिरू उद्या गाडी आणेल."

"यष्टी फाट्याला सोडती. तितनं म्या ह्या गुडघ्यानं कवा पोचू? मध्यान रात हुईल."

"आये, मग हत्यार उचलू दे की त्यास्नी," बिरू म्हणाला.

"पूजंतलं हत्यार उचलत्यात व्हय रे? नवमीला?" तिनं त्याला असं झापलं की तो चाकामागं गेला. "तुझ्या बानं कदी कुऱ्हाड उचलली का?"

म्हणजे घट हलवता येत नव्हता, हत्यार हलवता येत नव्हतं आणि गाडी हलू देणार नव्हतो. शेजारपाजारची दुकानं सणाची बंद, आणि त्यांच्याकडेही हीच पूजा. ऊन डोक्यावर आलं होतं. आणखी तासाभरात काम सुरू झालं नसतं तर दिवस मावळायच्या आत वाडी गाठणं शक्य नव्हतं. मला भीती एकच होती. मी वळलो, मेहबूब विडी प्यायला गेला, की ही माणसं आपली जायची. बिरूकडे दुसरी चावी नक्की असणार.

मग ठकूबाई उठली. "वाटीत पानी द्या," म्हणाली. "देवालाच इचारू."

तिनं झेंडूच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात भिजवल्या आणि जॅकच्या माथ्याला दोन बाजूंना चिकटवल्या. त्यांच्याकडे कौल असा लावतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवानं होकार दिला, हत्यार उचलायचं. डावी पडली तर उद्या.

"उजवी किसकी?" मेहबूबनं विचारलं. "जॅक की के अपनी?"

"देवाची," ठकूबाई म्हणाली.

जॅकला उजवा हात असतो हे आमच्या लक्षात तोवर आलं नव्हतं. आमच्याकडे तोंड करून उभा आहे असं धरलं तर त्याची उजवी ती आमची डावी. मेहबूब त्या बाजूला टेबलाला लागून उभा राहिला. ठकूबाईनं डोळे मिटले, हात जोडले. मीही जोडले. बिरू चाकामागून डोकावत होता.

काही पडेना. ऊन असं की पाकळ्या वाळायला लागल्या.

"आये," बिरू कुजबुजला, "वाळून चिकाटली की गं ती."

"गप."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. पत्रा थरथरला, पाकळ्या जागच्या जागी. ट्रक लांब गेला, परत शांत झालं. आणि मग, कुठं काही नसताना, जॅकची उजवी पाकळी अलगद सुटली आणि हातोड्यावर पडली.

ठकूबाईनं डोळे उघडले. "दिला," एवढंच म्हणाली. हातोडा तिनंच उचलला, कपाळाला लावला आणि मेहबूबच्या हातात दिला. "घे लेकरा. पर हळद पुसू नगंस."

मेहबूबनं पुसली नाही. सगळं काम त्यानं पिवळ्या हातांनी केलं. मोडक्या जीपची नळी काढली, बसवली, चाकापासून लांब वळवून पट्टीनं बांधली. चाक किती वळावं हे अडवणारा एक बोल्ट असतो, तो फिरवून पुढं आणला आणि चाकाचं वळण थोडं कमी केलं. नवी नळी घातली की तिच्यातली हवा काढावी लागते. एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बसून पाना फिरवायचा. बिरू बाजारातल्या माणसांना बोलवायला गेला होता, मी तेलाची बाटली धरून होतो. तेव्हा ठकूबाईलाच चालकाच्या जागेवर बसवलं.

"दबाव," मेहबूब खालून ओरडायचा. "छोडो."

ती लुगडं सावरून दोन्ही पायांनी दाबायची आणि प्रत्येक वेळी देवाचं नाव घ्यायची. तेवढ्यात वाडीची माणसं आली. म्हातारीला स्टेअरिंगमागं बघून त्यातला एक म्हणाला, "आता बिरूला मेंढरांमागं धाडा."

"धाडतीच," ती म्हणाली. "बस मागं. आन् वळनाला येकमेकाच्या अंगावर पडू नगा मेंढरावानी."

ती दिवस असताना पोचली. घट वेळेवर उठला, हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बिरू मुद्दाम सांगून गेला. पण महिन्याभरानं तो परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"मास्तर, आवाज गेला की."

"मग चांगलं झालं की."

"कुटलं चांगलं. बायकूला कळतच न्हाय मी आल्यालं. भाकरी गार मिळतीया."

मी हसायला लागलो, पण मेहबूब हसला नाही. त्यानं एका जुन्या टायरची पट्टी कापली, मडगार्डच्या आत, नळीपासून अगदी विरुद्ध बाजूला टांगली, आणि चाक वळवून बघितलं. खर्र. थोडी खाली घेतली. खर्र. "ले," बिरूला म्हणाला. "अब जितना घिसना है घिसने दे." ती पट्टी झिजली की बिरू नवी लावून न्यायचा. आमच्या दुकानात मुद्दाम घासायला केलेलं हे एकच काम, आणि ते माझ्या सहीचं आहे असं मेहबूब सगळ्यांना सांगायचा.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मुला, उत्तर असं आहे. घासतंय का, हे विचारू नकोस. काय घासतंय ते बघ. रबराला रबर घासलं तर फार तर आवाज. पत्र्याला घासलं तर टायरचं आयुष्य थोडं कमी, आणि कदाचित आरसा. पण आत, जिथं तुझा हात सहज जात नाही, तिथं काही घासत असेल तर गाडी उभी कर. आणि रिकाम्या गाडीत बघू नकोस. तुझी नेहमीची माणसं मागं बसव, नेहमीच्या उतारावर ने, चाकाला आतून काहीतरी फास. चुना मिळाला नाही तर हळद चालते.

एक गोष्ट राहिली. त्या दुपारी पाकळी पडली तेव्हा मी डोळे पूर्ण मिटले नव्हते. टेबलावरच्या वाटीतलं पाणी हललं होतं. ट्रक केव्हाच लांब गेला होता. मी मेहबूबला तेव्हा विचारलं नाही. आम्ही त्याच टेबलावर पुढं अनेक वर्षं डबे खाल्ले, पूजा मांडल्या, दुकान विकलं तेव्हा ते टेबलही दिलं, तरी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की त्या हलतात.

गेल्या हिवाळ्यात तो आजारी होता. मी रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन ओट्यावर बसायचो, तो उन्हात पाय पसरून बसायचा. फार बोलवत नसे. एकदा समोरून एक उंच गाडी खरखरत वळली. दोघांनी एकदमच मान वर केली, आणि एकमेकांकडे बघून हसलो. तेव्हा मी विचारलं.

"मेहबूब, खरं सांग. त्या नवमीला टेबल तू हलवलंस ना?"

त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला.

"हलाया नै मैं," तो म्हणाला. "घुटना जरा घिस्या. घिसने से क्या होता, मास्तर?"